पाळणाघराचे दार कोणी ठोठवायचे?

देशात शाळेला मान्यता लागते, उपाहारगृहाला नोंदणी लागते, औषधाच्या दुकानाला परवाना लागतो. सहा महिन्यांचे मूल दिवसभर सांभाळणाऱ्या खासगी पाळणाघराला मात्र देशभर लागू असा एकही परवाना नाही. ज्याची सरकारदरबारी नोंदच नाही त्याची तपासणी कोण करणार, हा प्रश्न जयपूरच्या मुरलीपुऱ्यापासून नवी मुंबईच्या खारघरपर्यंत सारखाच अनुत्तरित आहे.

जयपूरच्या वायव्येला सीकर रस्त्याने चौमूं पुलिया मागे टाकली की एका बाजूला मुरलीपुऱ्याची वसाहत लागते आणि थोडे पुढे विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातील शेडची रांग सुरू होते. राज्य सरकारचे कर्मचारी, बँकांतील नोकरदार, खासगी शाळांतील शिक्षिका आणि कारखान्यांत रोजीने जाणारी परप्रांतीय कुटुंबे असा मिश्र संसार या पट्ट्यात एकमेकांना खेटून उभा आहे. अशा वस्तीचे अर्थकारण दोघांच्या कमाईवर चालते आणि दोघेही घराबाहेर पडले की लहान मुलाचे काय, हा प्रश्न रोज सकाळी नव्याने उभा राहतो.

दिल्ली-जयपूरकडील मराठी कुटुंबांना हा प्रश्न परका नाही. बदलीच्या नोकरीवर आलेला केंद्र सरकारी अधिकारी असो, की सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडून उत्तरेतील सराफ बाजारांत येऊन राहिलेला गलाई कारागीर असो, आजी-आजोबा गावी राहिलेले असतात आणि शेजार अजून ओळखीचा व्हायचा असतो. मूल कोणाच्या तरी हवाली करावेच लागते. ज्या घरात ते सोडले जाते त्या घराला सरकारने कधी आतून पाहिले आहे काय, याची विचारणा बहुतेक पालक करीत नाहीत. ‘बाई बऱ्या आहेत’ हा शेजारणीचा दाखला हाच आज व्यवहारातील परवाना आहे.

एक घर, पाच खाती

मुरलीपुऱ्यासारख्या वसाहतीत एखाद्या गृहिणीने तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत पंधरा मुले सांभाळायला घेतली, तर तिचा संबंध कोणकोणत्या खात्यांशी येईल, याचा हिशेब मांडून पाहावा. घराचा वापर निवासी की व्यावसायिक, हे महापालिका पाहील. मदतीला नोकर ठेवले, तर दुकाने व वाणिज्यिक आस्थापना कायद्याखाली (राजस्थानात तो १९५८ चा आहे) नोंदणीचा मुद्दा निघेल. मुलांना खिचडी शिजवून दिली, तर २००६ चा अन्नसुरक्षा कायदा पुढे येऊ शकेल. आगीच्या दाखल्याचा विचार इमारतीची उंची आणि वापर पाहून होईल. काही विपरीत घडलेच, तर पोलीस येतील.

यांतील प्रत्येक खाते आपापल्या कायद्याचा एक तुकडा तपासते. पंधरा मुलांमागे बाया किती, विजेचा प्लग रांगत्या मुलाच्या हाताला लागेल इतका खाली आहे काय, पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, घरून आणलेले दूध मे महिन्याच्या जयपुरी उन्हाळ्यात दुपारपर्यंत कोठे ठेवतात, ताप आलेले मूल बाकीच्यांपासून दूर निजवतात काय, झोपलेल्या सगळ्या मुलांना उचलून दोन मिनिटांत रस्त्यावर येता येईल काय, हे प्रश्न मात्र कोणत्याच खात्याच्या कार्यसूचीत नाहीत. पाच खात्यांच्या मध्ये मूल पडून राहते आणि प्रत्येक खात्याचे दप्तर आपापल्या जागी बिनचूक असते.

कायदा आईच्या हजेरीपटावर उभा

असे का झाले, हे समजण्यासाठी आपल्याकडील पाळणाघराच्या कायद्याचा उगम पाहावा लागतो. भारतीय कायद्यात पाळणाघर आले ते बालकल्याणाच्या दारातून आले नाही. ते कामगार कायद्याच्या दारातून आले. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४८ ने स्त्री कामगारांच्या संख्येवर पाळणाघराची सक्ती ठेवली. मूळ मर्यादा पन्नासहून अधिक स्त्रियांची होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती तीसवर आली. मळे कामगारांसाठी १९५१ मध्ये, विडी-सिगार कामगारांसाठी १९६६ मध्ये आणि बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये झालेल्या कायद्यांनी हीच वाट धरली. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी आली. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभाही त्यात होती.

हे सर्व कायदे आईच्या बाजूचे आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु त्यांची रचना अशी, की पाळणाघराचे अस्तित्व आईच्या हजेरीपटावर अवलंबून राहते. निरीक्षक येतो तो मालकाने कर्तव्य पार पाडले की नाही, हे पाहायला. खोली आहे, पाळणे आहेत, नोंदवही आहे, एवढे दिसले की मालक सुटतो. शिवाय तिसाव्या बाईपाशी भरती थांबवली की कर्तव्यही थांबते, ही युक्ती मालकवर्गाला फार पूर्वीच सापडली होती.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मातृत्व लाभ कायद्याखालील पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत बऱ्याच शहाणपणाच्या गोष्टी होत्या. पाळणाघर शक्यतो तळमजल्यावर असावे. दर मुलामागे दहा ते बारा चौरस फूट जागा असावी. तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि तीन वर्षांवरील वीस मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती असावी. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी व्हावी. जवळपास उघडी गटारे वा खड्डे नसावेत. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. त्या मोडल्या तर पाळणाघर बंद करण्याचा अधिकार कोणाला, हे त्या सांगत नाहीत. आणि कोणत्याही मालकाशी संबंध नसलेल्या गल्लीतील पाळणाघराला तर त्या लागूच नव्हत्या.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि वरील बहुतेक जुने कायदे त्यांत विलीन झाले. नव्या रचनेत एक चांगला बदल आहे. केवळ स्त्रियांची संख्या न मोजता पन्नास कर्मचाऱ्यांची मर्यादा धरली गेली. त्यामुळे बायकांना कामावर न घेण्याचे एक निमित्त कमी झाले. सामाजिक सुरक्षा संहितेने आस्थापनांना सरकारी, पालिकेचे, खासगी किंवा स्वयंसेवी संस्थेचे सामायिक पाळणाघर वापरण्याची मोकळीकही दिली आहे. व्यवहाराच्या दृष्टीने ही सोय योग्यच आहे. पण मुलांचा ओघ जर बाहेरच्या खासगी पाळणाघराकडे वळवायचा असेल, तर ते सुरक्षित असल्याचा दाखला कोण देणार, या प्रश्नाला उत्तर मिळायला हवे होते. ते मिळालेले नाही.

राजस्थानच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २०१४ मध्ये वसुंधरा राजे सरकारने कामगार कायद्यांत दुरुस्त्या केल्या, तेव्हा ‘कारखाना’ या शब्दाची व्याख्याच वर सरकवली. विजेवर चालणाऱ्या उद्योगासाठी कामगारसंख्या दहावरून वीस आणि विजेविना चालणाऱ्यासाठी वीसवरून चाळीस करण्यात आली. त्या वेळी ‘इन्स्पेक्टर राज’ संपवण्याचे पाऊल म्हणून या प्रयोगाचे दिल्लीत कौतुक झाले. पुढे केंद्राच्या संहितेनेही हेच आकडे उचलले. विश्वकर्मा क्षेत्रासारख्या ठिकाणी लहान-मध्यम उद्योगांचाच भरणा असतो. पन्नासाच्या मर्यादेखालील प्रत्येक शेडमधील आई-बाप पाळणाघराच्या हक्काबाहेर राहतात आणि त्यांची मुले वस्तीतल्या खोल्यांत जातात, जेथे कोणताच निरीक्षक जात नाही.

तीन वर्षांच्या आतले पोरकेपण

कामगार कायद्याने सोडलेले मूल शिक्षणाचा कायदा उचलून घेईल, अशी एक आशा होती. २००२ मध्ये ८६वी घटनादुरुस्ती झाली, तेव्हा सहा ते चौदा वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहा वर्षांखालील मुलांची रवानगी मात्र अनुच्छेद ४५ मध्ये, म्हणजे राज्याने ‘प्रयत्न करावा’ अशा मार्गदर्शक तत्त्वांत झाली. खर्चाचा विचार करून घेतलेला तो राजकीय निर्णय होता आणि त्याची सावली पुढील प्रत्येक धोरणावर पडली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तीन ते सहा वयोगटासाठी सरकार व्यवस्था ‘करू शकेल’ एवढेच म्हटले. सप्टेंबर २०१३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बालसंगोपन व शिक्षण धोरणाने दर्जाचे मानक आणि नियमनाची भाषा केली. कायदा मात्र झाला नाही. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने खासगी प्ले-स्कूलसाठी नियामक मार्गदर्शिका तयार करून ती राज्यांकडे पाठवली. तिच्यात मान्यता, वीस मुलांमागे एक शिक्षिका, अग्निसुरक्षा असे सर्व काही होते. पण तिचा आवाका तीन ते सहा वर्षांचा. महाराष्ट्राने २०२५ मध्ये खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना नोंदणी करायला लावली, तीही याच वयोगटाच्या चौकटीत.

म्हणजे ज्या मुलाला बोलता येत नाही, पळता येत नाही, घरी जाऊन तक्रार सांगता येत नाही, नेमके तेच मूल प्रत्येक चौकटीबाहेर राहिले. सुरक्षेचा कोणताही निकष लावला, तरी सर्वाधिक तपासणी याच वयाला हवी. आपल्याकडे ती उलट्या क्रमाने होते.

कॅमेरा पाहतो, पण नंतर

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईने केलेली मारहाण कॅमेऱ्यात टिपली गेली आणि ती दृश्ये पाहून सारा महाराष्ट्र हादरला. अटक झाली, संताप झाला, नियमावलीची घोषणा झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या उंबरठ्यावर, नोएडातील एका निवासी संकुलातील पाळणाघरात पंधरा महिन्यांच्या मुलीला झालेली इजा पुन्हा कॅमेऱ्यामुळेच उघडकीस आली. दोन घटनांमध्ये जवळजवळ नऊ वर्षांचे अंतर आहे. या नऊ वर्षांत पालकांच्या मागण्यांत ‘कॅमेरा हवा’ ही मागणी पहिली झाली. ‘परवाना दाखवा’ ही मागणी रूढ झाली नाही, कारण दाखवण्यासारखा परवानाच नव्हता.

कॅमेऱ्याचा उपयोग कोणी नाकारणार नाही. पण तो घडलेले दाखवतो आणि तेही कोणी मागाहून पाहिले तर. दूषित पाणी त्यात दिसत नाही. बाहेरून कडी लावलेले मागचे दार, एकाच फलकावर जोडलेले पंखे, कूलर आणि शेगडी, एका बाईच्या अंगावर टाकलेली सोळा मुले, यांतले काहीच चित्रफितीत गुन्हा म्हणून उमटत नाही. मारहाणीच्या दृश्याने समाजमन पेटते. जुन्या वायरिंगने पेटत नाही. तपासणीची गरज नेमकी या न दिसणाऱ्या गोष्टींसाठी असते.

सही असलेली तपासणी आणि खरी तपासणी

तपासणीचा कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला, असेही मानण्याचे कारण नाही. मेक्सिकोतील एर्मोसियो शहरात ५ जून २००९ रोजी एका पाळणाघराला आग लागून ४९ बालके दगावली. हे पाळणाघर बेकायदा नव्हते. तेथील सामाजिक सुरक्षा संस्थेच्या कंत्राटावर ते चालत होते आणि त्याच्या तपासण्याही झाल्या होत्या. पण इमारत मुळात गोदाम म्हणून बांधलेली, छताखाली चटकन पेट घेणारे आवरण, बाहेर पडण्याचे मार्ग अपुरे, आणि भिंतीपलीकडे राज्य सरकारच्याच वित्त खात्याचे गोदाम. आग तेथून आली. पाळणाघराची तपासणी करणाऱ्याने भिंतीपलीकडे पाहायचे असते, हा धडा त्या देशाने ४९ मुले गमावून शिकला आणि २०११ मध्ये बालसंगोपन केंद्रांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कायदा केला. शेड आणि घरे एकमेकांना खेटून असलेल्या मुरलीपुरा-विश्वकर्मा पट्ट्यात हा धडा वाचताना कोणालाही अस्वस्थ वाटावे.

आपल्याकडचे अनुभव याहून वेगळे नाहीत. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्या शोकांतिकेतून निघालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असा निकाल दिला आणि इमारत संहिता, अग्निशामक साधने, प्रशिक्षण याबाबत निर्देश दिले. निकाल शाळांविषयी होता. पाळणाघर ही शाळा नसल्यामुळे तेथे तो परिणामकारकपणे पोहोचला नाही. शाळांतही तो किती पोहोचला, हे २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावाने दाखवून दिले. सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुले गेली. राज्यभरातील शाळा-इमारतींच्या पाहणीला वेग आला तो त्यानंतर. वरातीमागून घोडे, याहून दुसरा शब्द नाही.

आरोग्याच्या बाजूचे उदाहरण तर जयपूर शहरातच आहे. एप्रिल २०१६ मध्ये जामडोली येथील मतिमंदांसाठीच्या सरकारी निवासी गृहात पंधरवड्याच्या आत दहाहून अधिक निवासी दगावले. त्यांत मुलेही होती. दूषित पाण्याचा संशय पुढे आला, अधिकाऱ्यांची निलंबने झाली. ती संस्था पाळणाघर नव्हती, हे खरे. पण ती सरकारची होती, नोंदलेली होती आणि तेथे अधिकाऱ्यांना केव्हाही जाता येत होते. तरीही पाण्याकडे वेळेवर कोणाचे लक्ष गेले नाही. नोंद असलेल्या ठिकाणी जर हे होते, तर नोंद नसलेल्या दोन खोल्यांत अतिसाराची साथ आली, तर ती कोणाच्या लक्षात येणार? आजारी पडलेली पाच मुले पाच वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातील आणि सर्वांचे पाणी एकाच टाकीतले होते, हे कोणालाही कळणार नाही.

बंद करणे सोपे, उघडणे अवघड

या सर्वांवर एक सरळ उपाय सुचवला जातो. कडक कायदा करा आणि नियम न पाळणारी पाळणाघरे बंद करा. येथे थांबून विचार केला पाहिजे. २१ मार्च २०२४ च्या सुमारास विश्वकर्मा परिसरातील जैसल्या गावात एका खोलीत गॅस सिलिंडरच्या आगीत बिहारमधून आलेल्या कामगार कुटुंबातील पाच जण मरण पावले. त्यांत तीन लहान मुले होती. कारखान्यांभोवतीच्या या खोल्यांत मुले कशा परिस्थितीत राहतात, याचे हे भीषण दर्शन होते. वस्तीतले तोडकेमोडके पाळणाघर बंद केले, तर मजुराचे मूल काही वातानुकूलित डे-केअरमध्ये जाणार नाही. ते अशाच खोलीत, आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर राहील, आणि ती बहीण शाळेबाहेर राहील.

म्हणून नियमनाचा प्रश्न सार्वजनिक पाळणाघरांपासून वेगळा करता येत नाही, आणि तेथील हिशेब फारसा अभिमानास्पद नाही. १ जानेवारी २००६ रोजी सुरू झालेल्या राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजनेखाली एके काळी देशात वीस हजारांहून अधिक पाळणाघरे चालत होती. २०१७ मध्ये योजना राज्यांकडे सोपवली गेली, केंद्राचा वाटा घटला आणि २०२० पर्यंत हा आकडा साडेसहा हजारांच्या आसपास येऊन ठेपला. २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’खाली ‘पाळणा’ या नावाने योजनेची पुनर्रचना झाली आणि सतरा हजार अंगणवाडी-सह-पाळणाघरांचे लक्ष्य ठेवण्यात आले. दिशा योग्य आहे. पण देशातील अंगणवाड्या सुमारे चौदा लाख आहेत, हे ध्यानात घेतले की सतरा हजारांचे प्रमाण उघड होते. नियमित अंगणवाडी दुपारी मिटते. कारखान्याची पाळी संध्याकाळी सुटते. मधल्या तासांची जबाबदारी सरकारने अजून मनापासून घेतलेली नाही.

राजकारणाचे घोडे कोठे अडते?

तीन वर्षांच्या मुलाला मत नसते, हे सांगून झाले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या प्रश्नाला संघटित वाली नाही. शाळांच्या फीवरून रस्त्यावर येणारे पालक दहा-बारा वर्षे त्याच शाळेशी बांधलेले असतात. पाळणाघराचा पालक दोन-अडीच वर्षांत त्यातून बाहेर पडतो आणि प्रश्न विसरतो. पाळणाघर चालवणाऱ्या बाया विखुरलेल्या आहेत, त्यांचा पेशा कोणत्याही कामगार संघटनेच्या यादीत नाही. मालकवर्गाला आणखी एक निरीक्षक नको आहे, आणि कामगार संहितांनी निरीक्षकाचे नावच बदलून त्याला ‘सुविधाकार’ही केले आहे. अशा हवेत नवे परवाना-खाते काढण्याची भाषा कोणताही मुख्यमंत्री खुशीने करणार नाही.

यात केंद्र-राज्य असा चेंडू टोलवण्याचा खेळही आहे. कामगार हा विषय समवर्ती सूचीत, सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे, इमारतीची परवानगी पालिकेकडे. केंद्र सूचना काढते, राज्य ‘विचाराधीन’ म्हणते, पालिका निधी मागते. महाराष्ट्रात खारघरनंतर आणि राजस्थानात पिपलोदीनंतर जी धावपळ झाली, तिच्यातून तीन वर्षांखालील मुलांच्या खासगी पाळणाघरासाठी स्वतंत्र परवाना-कायदा उभा राहिला नाही. मुरलीपुऱ्याच्या परिसरातील विद्याधरनगर मतदारसंघातून डिसेंबर २०२३ मध्ये दिया कुमारी निवडून आल्या, उपमुख्यमंत्री झाल्या आणि पुढच्याच महिन्यातील खातेवाटपात अर्थ खात्याबरोबर महिला व बालविकास खातेही त्यांच्याकडे आले. पैसा, खाते आणि मतदारसंघ असा योग क्वचित जुळतो. पथदर्शी प्रयोगासाठी याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. तो प्रयोग कोणी मागितलाच नाही, हे विरोधी पक्षाचेही अपयश आहे.

मराठी माणसाला या विषयात एक नैतिक अधिकार आहे आणि तेवढीच जबाबदारीही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यांचा विचार. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हा शब्द देशभर रुजवला. सरकारी तपासणीलाही आज हाच विचार लागू करावा लागेल. पाळणाघरवाली परवान्यासाठी कचेरीत हेलपाटे घालील, ही अपेक्षा सोडून खात्याने तिच्या दारात जावे.

काय करता येईल?

बाहेरच्या जगात यासाठी पुरेसे नमुने आहेत. इंग्लंडमध्ये २००१ पासून शाळा तपासणाऱ्या ‘ऑफस्टेड’ याच यंत्रणेकडे पाळणाघरांची आणि घरी मुले सांभाळणाऱ्यांची नोंदणी व तपासणी आहे. अमेरिकेत २०१४ च्या संघीय कायद्याने राज्यांना परवान्यापूर्वी एकदा आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा पूर्वसूचना न देता तपासणी करणे व तिचा निष्कर्ष लोकांसाठी खुला करणे बंधनकारक केले. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना पाळणाघर निवडण्यापूर्वी हे अहवाल वाचण्याची सवय लागली आहे. त्यांच्याच भावंडांना मुरलीपुऱ्यात वा पुण्यात तशी सोय नाही.

आपल्याला त्यांची खर्चिक यंत्रणा जशीच्या तशी आणता येणार नाही, आणण्याची गरजही नाही. पहिली पायरी परवान्याची नसून नोंदीची असावी. तीनहून अधिक परकी मुले मोबदला घेऊन सांभाळणाऱ्या प्रत्येकाने नाव नोंदवावे, शुल्क नसावे आणि नोंद न केल्याखेरीज दंड नसावा. दुसरी पायरी तडजोड न करण्याच्या मोजक्या अटींची. बाहेर पडण्याचे दुसरे दार किंवा मोठी उघडणारी खिडकी, सुरक्षित वायरिंग आणि मुलांपासून दूर असलेली शेगडी, पिण्याच्या पाण्याची तपासणी, मुलांच्या प्रमाणात माणसे, आणि सर्व कर्मचाऱ्यांची पडताळणी. जागा, खेळणी, अभ्यासक्रम यांचे निकष नंतर येऊ शकतात. या पाच गोष्टी नसतील, तर सुधारण्यासाठी मुदत आणि लहान केंद्रांना अनुदान द्यावे. जिवाला तत्काळ धोका असेल तेथेच कुलूप लावावे, आणि तेही मुलांची पर्यायी सोय लावून.

तिसरी पायरी तपासणीच्या स्वरूपाची. तपासणी अचानक व्हावी, एकाच अधिकाऱ्याकडे पाचही अटींची यादी असावी, आणि निष्कर्ष पाळणाघराच्या दारावर स्थानिक भाषेत चिकटवला जावा. फाइलमध्ये गेलेली तपासणी अधिकाऱ्याच्या कामाची असते. दारावर लावलेली तपासणी आईच्या कामाची असते. लाचखोरीची भीती रास्त आहे. पण निष्कर्ष रोज वीस पालकांच्या नजरेखाली असेल, तर खोटी सही फार काळ टिकत नाही. आणि औद्योगिक क्षेत्रांत लहान उद्योगांनी एकत्र येऊन सामायिक पाळणाघर चालवावे; संहितेने दार उघडलेच आहे, राज्याने जागा द्यावी.

या पानाच्या वाचकांपैकी अनेकजण शास्त्री भवन, निर्माण भवन किंवा श्रमशक्ती भवनात अशाच मसुद्यांवर टिपणे लिहीत असतात. त्यांच्या टेबलावर ‘पाळणाघर’ हा शब्द महिला सक्षमीकरणाच्या फायलीत येतो, कामगार कल्याणाच्या फायलीत येतो, क्वचित शिक्षणाच्याही फायलीत येतो. मुलाच्या जिवाची फाइल म्हणून ती अजून कोणाकडे गेलेली नाही.

मुरलीपुऱ्यात किती घरांत अशी मुले सांभाळली जातात, याची यादी करायला मोठ्या यंत्रणेची गरज नाही. तेथील अंगणवाडी सेविकेला आणि आशा कार्यकर्तीला गल्लीनिहाय माहिती असते. त्यांना फक्त एक कोरी वही, थोडे मानधन आणि एक लेखी आदेश हवा. पुढच्या दुर्घटनेनंतर तो आदेश निघेल, याबद्दल शंका नाही. तो आधी काढण्याचे धैर्य जयपूर दाखवते, मुंबई दाखवते की दिल्ली, एवढेच पाहायचे आहे.